फुकट शेणी, महागडं स्पेलिंग: कोल्हापूरच्या अंत्यसंस्कार सेवेबद्दल

कोल्हापुरात माणूस गेला तर त्याला अग्नी द्यायला पैसे पडत नाहीत. पंचगंगा, कसबा बावडा, कदमवाडी आणि बापट कॅम्प या महापालिकेच्या स्मशानभूमींत शेणी, म्हणजे गोवऱ्या, आणि लाकूड मोफत मिळतं. बाहेरगावचा पाहुणा सवयीने खिशात हात घालतो, तेव्हा त्याला दानपेटी दाखवली जाते. टाकले तर टाकले, नाही तर कुणी विचारत नाही. मुंबईतही महापालिका एका चितेला ३०० किलो लाकूड फुकट देते, नाशिकलाही मोफत अंत्यसंस्काराची योजना आहे. कोल्हापूरचं वेगळेपण असं, की इथली चिता बऱ्याच अंशी गावाने दिलेल्या शेणींवर जळते. होळी लहान करायची आणि वाचलेल्या शेणी स्मशानाला द्यायच्या, ही इथल्या तालमी-मंडळांची रीत.

आगीच्या कामाला म्हणून पैकीच्या पैकी गुण. माणसं सरावलेली, रचाई चोख, हुज्जत नाही. घरच्यांचं नुकसान होतं ते चितेपाशी नाही, कागदापाशी. दवाखान्याच्या काउंटरवर किंवा नोंदणीच्या टेबलावर घाईत दहा मिनिटांत जे लिहिलं जातं, ते पुढे बँक, विमा, पेन्शन, सातबारा सगळीकडे हिंडतं. म्हणून पहिला सल्ला हाच: घरातला सगळ्यात शांत, सगळ्यात नीट वाचणारा माणूस तिरडी बांधायला लावू नका, त्याला कागदावर बसवा. तिरडी बांधणारे गल्लीत दहा मिळतात.

डॉक्टर आधी, फोन नंतर

घरी मृत्यू झाला असेल तर पहिलं काम म्हणजे ज्यांचं औषध चालू होतं त्या डॉक्टरांना बोलावणं. घरच्या मृत्यूसाठी कारणाचा दाखला नमुना ४-अ मध्ये असतो, दवाखान्यातल्या मृत्यूसाठी नमुना ४. ज्या डॉक्टरांनी रुग्णाला अलीकडे पाहिलेलंच नाही, ते दाखला द्यायला नकार देतात आणि ते बरोबरच आहे. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. जुनी फाईल, शेवटचं डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत घालून समोर ठेवली की काम सोपं होतं.

इथे एक चूक सर्रास होते. कॅन्सरचा किंवा अंथरुणाला खिळलेला वयस्कर रुग्ण पहाटे घरीच प्राण सोडतो, आणि घाबरलेली पोरं त्याला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेतात. तिथे कागदावर ‘दाखल करण्यापूर्वी मृत’ असं येतं, पोलिसांना कळवलं जातं आणि बहुतेक वेळा शवविच्छेदन होतं. घरच्या डॉक्टरांनी येऊन दाखला दिला असता तर हे काहीच लागलं नसतं. अर्थात जीव आहे की नाही अशी जराही शंका असेल तर दवाखानाच गाठायचा, हे वेगळं सांगायला नको.

दाखला हातात आला की डॉक्टर उंबऱ्यात असतानाच वाचायचा. पूर्ण नाव, वय, लिंग, तारीख, वेळ, पत्ता, कारण, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. वेळेत सकाळ-संध्याकाळ स्पष्ट हवी. रात्री बाराच्या पुढे गेलेल्यांच्या तारखेचा घोळ नेहमी होतो: घरचे ‘काल रात्री’ म्हणतात, कागदावर आजची तारीख असते, पत्रिकेत तिसरीच छापली जाते. कारणाच्या रकान्यात नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ लिहून भागत नाही, कारण हृदय सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं. ते कशामुळे बंद पडलं, ते दुखणं किती दिवसांचं होतं, हे ओळीने लिहायचं असतं. विमा नवा असेल तर आजार किती जुना हाच पहिला प्रश्न येतो, त्यामुळे हा रकाना अंदाजाने भरला जाऊ देऊ नका.

पुष्कळांना भीती असते की आजाराचं नाव मृत्यूच्या दाखल्यावर छापून येईल. येत नाही. कारण नोंदवहीत राहतं, नातेवाइकांना मिळणाऱ्या दाखल्यावर ते छापायची कायद्यातच मनाई आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे, त्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. त्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय संस्थेने कारणाचा दाखला निबंधकाला, म्हणजे मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, द्यायचाच, शिवाय एक प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची, तीही फुकट. ती प्रत मागून घ्या.

डॉक्टर येईपर्यंतच्या वेळात करायच्या दोन-तीन गोष्टी आहेत, कारण शरीर थांबत नाही. डोळे मिटवणं, हनुवटीखालून डोक्यावर कापडी पट्टी बांधणं, हातपाय सरळ करणं, अंगठ्या-पाटल्या काढणं हे पहिल्या दोन तासांत उरकायचं. साधारण दोन-चार तासांत जबडा आणि मानेपासून अंग ताठरायला लागतं आणि बारा तासांच्या आसपास पुरतं ताठ होतं. मग अंगठी साबणाच्या पाण्यानेही निघत नाही आणि गुडघा वाकलेला असेल तर तिरडीवर नीट बसत नाही. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचं पथक पोचायला हवं. तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या आणि त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी. देहदान राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करता येतं, पण शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत. देहदान केलं तरी मृत्यूची नोंद करावीच लागते, हे उत्साहात विसरलं जातं.

पोलीस कधी येतात

अपघात, भाजणं, बुडणं, विजेचा धक्का, सर्पदंश, विषबाधा, गळफास. ही यादी सगळ्यांना माहीत असते. माहीत नसतं ते असं, की म्हातारी न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि महिन्याने दवाखान्यात वारली, तरी दवाखाना पोलिसांना कळवू शकतो, कारण सुरुवात पडण्यापासून आहे. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पद रीतीने गेली तर चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे व्यवहारात तहसीलदारांकडे जाते, आणि त्यात एक-दोन वेळा जेवणाची वेळ टळते एवढी तयारी ठेवावी.

अशा प्रकरणात ‘आकस्मिक मृत्यू’ची नोंद होते, पंचनामा होतो, मग शवविच्छेदन. सगळीकडे ‘सूर्यास्तानंतर होत नाही’ असं सांगतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये, पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांत रात्रीही शवविच्छेदनाला मुभा दिली. मात्र खून, आत्महत्या, बलात्कार, संशयास्पद किंवा कुजलेला देह यांना ती लागू नाही. तेव्हा नम्रपणे विचारून पाहायला हरकत नाही.

मृतदेह ताब्यात घेताना तीन कागद सोबत हवेत: पंचनाम्याची प्रत, शवविच्छेदन झाल्याचा दाखला आणि देह ताब्यात दिल्याची नोंद. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला असेल तर अंतिम कारण कळायला वेळ लागतो, पण त्यासाठी मृत्यूची नोंद अडत नाही. अपघात विम्याचा दावा करायचा असेल तर गुन्ह्याची किंवा आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल हे तिन्ही पुढे लागतात. पोलीस ठाण्याचं नाव आणि नोंद क्रमांक त्याच दिवशी मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

मयतीचं साहित्य: काय येतं, काय येत नाही

साहित्याची दुकानं ‘पूर्ण सेट’ म्हणून जे देतात त्यात साधारण दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळी, पांढरं कापड, दोन मडकी, गुलाल, बुक्का, कापूर, उदबत्ती, तुळशीची माळ, थोडं तूप आणि राळ असते. बांबू बघून घ्यायचे. सात-आठ फूट लांब, पेऱ्यापाशी चीर नसलेले. हातात धरून मधे गुडघ्याने दाबला आणि करकरला तर बदलून मागा. खांदेकरी जिन्यावरून उतरत असताना बांबू करकरणं चांगलं नाही.

सेटमधलं कापड ही कायमची तक्रार. पन्हा छत्तीस इंचांचा असतो, तो जाड माणसाला दोन्ही बाजूंनी पुरत नाही. मोठ्या पन्ह्याचं मांजरपाट वेगळं पाच मीटर घ्या, उरलं तर सावडायला उपयोगी पडतं. मडकं एक पाण्याचं, एक विस्तवाचं. पाण्याचं पहिल्याच ठोक्याला पूर्ण फुटतं म्हणून जादा एक घ्यावं. कापूस सेटमध्ये हमखास नसतो आणि तो हमखास लागतो. दवाखान्यातून आलेल्या देहाला नळ्यांच्या जागी पट्ट्या असतात, त्यातून पाझर होतो. औषधाच्या दुकानातून कापसाचं मोठं बंडल आणि मोठ्या माणसांचं एक डायपर आणून ठेवलं की उचलताना घरच्यांची अडचण होत नाही.

लिंगायत समाजात दफन असतं, देह बसवून पुरतात, त्यामुळे तिथे तिरडीऐवजी विमान, म्हणजे बसवलेला देह न्यायची पालखी, बांधतात आणि साहित्य वेगळं लागतं. ख्रिस्ती आणि मुस्लिम समाजांची व्यवस्था त्यांच्या त्यांच्या दफनभूमीत. लहान बाळांनाही पुरतात. कागद मात्र सगळ्यांना तोच: डॉक्टरांचा दाखला, दहन किंवा दफन झाल्याची पावती, आणि नमुना २, म्हणजे मृत्यूची माहिती देण्याचा अर्ज. मृत जन्मलेल्या बाळासाठी नमुना ३ असतो, त्याची नोंदही करायची असते.

शेणीची चिता

शेण आणि पेंढ्याचा भुसा मळून, थापून, उन्हात वाळवलेली शेणी जेवणाच्या ताटाएवढी असते. मधे जाड, कडेला पातळ, पाठीवर थापणारीच्या बोटांचे ठसे. चांगली वाळलेली शेणी दोन हातांत धरून मोडली तर काडकन तुटते आणि आतून भुश्याचे धागे दिसतात. ओलसर शेणी वाकते, मग तुटते. पावसाळ्यात सगळा फरक इथेच पडतो.

रचताना खाली लाकडाचे ओंडके, त्यावर शेणी, मग देह, मग पुन्हा शेणी. जाणते लोक शेणी एकावर एक पालथ्या न घालता तिरक्या, उभ्या लावतात, कारण त्यांच्या मधून हवा खेळली पाहिजे. पालथ्या दडपल्या की धूर फार आणि आग कमी. शेणीची आग लाकडासारखी भडकत नाही, ती धुमसत राहते, पण आच टिकून असते. चितेला वेळ लागतो, रात्रभरही आत निखारा असतो. म्हणून आग लागल्यावर दोन तास थांबून ‘अजून झालं नाही’ म्हणून ढोसत बसू नये. ढोसलं की रचना ढासळते आणि मधला भाग उघडा पडून थंड होतो. हे काम कर्मचाऱ्यांवर सोडावं.

रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांची बाटली घेऊन येणारा एक उत्साही नातेवाईक प्रत्येक मयतीत असतो. त्याला गेटवरच थांबवा. पेट्रोलची वाफ भडकते ती ओतणाऱ्याच्या अंगावर, आणि वरचा थर भस्सकन जळून खाली काही पोचत नाही. कापूर खाली कोपऱ्यांत, तूप मधल्या थरात आणि राळ मूठ-मूठ फेकत, यावर चिता पेटते. गादी, उशी, चादरींचा गठ्ठा, प्लास्टिकचे हार, शवविच्छेदनानंतरची प्लास्टिकची पिशवी यांतलं काहीही चितेवर जाऊ देऊ नका. ‘त्यांची आवडती गादी’ ही भावना ठीक आहे, पण फोम वितळून अंगाला चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी रक्षेत काळे गोळे सापडतात.

छातीत पेसमेकर असेल तर दवाखान्यातच सांगून देह ताब्यात घेण्यापूर्वी काढून घ्या. त्यातली बॅटरी उष्णतेने फुटते. उघड्या चितेवर मोठा आवाज होतो, बंद दाहिनीत भट्टीचं नुकसान आणि कर्मचाऱ्याला इजा होऊ शकते. डॉक्टरांचं पाच-दहा मिनिटांचं काम असतं, पण घरी आणल्यावर ते करणारा शोधत बसावं लागतं. अखंड नारळही गॅस किंवा विद्युत दाहिनीत ठेवू नये, तोही फुटतो. दाहिनीत तिरडीचे बांबू जात नाहीत, फक्त सुती कापडातला देह. वेळ थोडका, साधारण दीड-दोन तास. पावसाळ्यात आणि गर्दीच्या दिवशी दाहिनीला नाही म्हणणं हट्टाचं आहे, असं स्पष्ट मत नोंदवून पुढे जाऊ.

पंचगंगा स्मशानभूमीची खरी मर्यादा नदी आहे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी चढायला लागलं की नदीकाठची ही जागा पहिल्यांदा पाण्याखाली जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ते दाखवून दिलं. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जोरात असेल तर आधी चौकशी करा आणि मगच नातेवाइकांना स्मशानाचं नाव कळवा. अर्धी माणसं एका स्मशानात आणि अर्धी दुसऱ्यात, असं होतं.

खिडकीवरची दहा मिनिटं

आता कागद. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे, दहन जिथे झालं तिथे नाही. राधानगरीचा माणूस कोल्हापूरच्या दवाखान्यात वारला आणि गावी नेऊन अग्नी दिला, तर नोंद कोल्हापूर महापालिकेकडे होणार. गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून काही मिळणार नाही. उलट गावात घरी वारला असेल तर ग्रामपंचायतच, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक आणि २०२४ पासूनचे ‘ग्रामपंचायत अधिकारी’. वाटेत गाडीत मृत्यू झाला तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली तिथली नोंद. दवाखान्यातल्या मृत्यूची माहिती निबंधकाला दवाखान्यानेच कळवायची असते, घरच्या मृत्यूची कुटुंबप्रमुखाने किंवा जवळच्या नातेवाइकाने.

इथेच ती महागडी चूक शिरते. दवाखान्यात दाखल करताना रात्री दोनला केसपेपरवर शेजारच्या पोराने सांगितलेलं नाव असतं: ‘शेवंता पाटील, वय ७०’. आधार कार्डावर ‘शेवंताबाई दत्तात्रय पाटील’, वय ७६. केसपेपरवरचं नाव नमुना ४ मध्ये जातं, तिथून नमुना २ मध्ये आणि तिथून दाखल्यावर. मधे कुणीच थांबून बघत नाही, कारण प्रत्येकाने आधीच्या कागदावरून बरोबरच उतरवलेलं असतं. दुरुस्तीची सगळ्यात स्वस्त वेळ म्हणजे देह ताब्यात घेण्याआधी, बिलाच्या खिडकीशेजारी. आधार कार्डाची झेरॉक्स द्या, ‘नाव यावरून घ्या’ म्हणा, आणि लिहिलेलं स्वतः वाचा.

दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत निघतो, म्हणून दोन्ही तपासायचं. मराठीत ‘बाई’ एकच, पण इंग्रजीत शेवटचं अक्षर कुठे आय तर कुठे वाय. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’. आडनावात एक ए की दोन. बँकेच्या पासबुकात जे स्पेलिंग आहे ते आणि आधारचं जुळत नसेल तर आधारचं धरा, पण न जुळणारी जागा आत्ताच कागदावर टिपून ठेवा. बायकांच्या बाबतीत सातबाऱ्यावर माहेरचं नाव असतं, पासबुकावर सासरचं. दाखला सासरच्या नावाने घ्या आणि ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ यासाठी पुढे प्रतिज्ञापत्र लागणार हे धरून चाला. जुन्या माणसांची आधारवरची जन्मतारीख पुष्कळदा एक जानेवारी असते. खरं वय वेगळं असलं तरी त्या खिडकीवर इतिहास सांगत बसू नये, आधारशी जुळणारं वय लिहावं.

नमुना २ मध्ये मृताच्या आईचं नाव विचारतात. पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांच्या आईचं नाव खिडकीवर उभ्या असलेल्या नातवाला माहीत नसतं, मग आत्याला फोन, आत्या रडते, मागे रांग. घरून निघतानाच लिहून न्या: मृताचं पूर्ण नाव, वडील, आई, पती किंवा पत्नी, मृत्यूसमयीचा पत्ता, कायमचा पत्ता, शिक्का मारलेला डॉक्टरांचा दाखला, मृताचं आणि माहिती देणाऱ्याचं आधार. पत्त्याचे रकाने दोन आहेत, मुलाकडे राहायला आलेल्या आईच्या बाबतीत ते वेगवेगळे असतात आणि वेगवेगळेच लिहायचे. अर्जाच्या खालच्या भागात व्यवसाय, धर्म आणि सवयींचे प्रश्न असतात: बिडी-सिगारेट, तंबाखू, सुपारी-पानमसाला, दारू, आणि किती वर्षं. लोक इथे रागावतात. तो भाग आकडेवारीसाठी आहे, दाखल्यावर उमटत नाही, खरं लिहावं.

मुदत २१ दिवसांची, मृत्यूच्या तारखेपासून. तेवढ्यात माहिती दिली तर नोंद आणि पहिली प्रत फुकट, आणि दुरुस्त कायद्याप्रमाणे दाखला नोंदणीनंतर सात दिवसांत मिळायला हवा. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून भागतं. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत गेलात तर जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद लागतो. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश. चौकशी होते, पुरावे मागतात. वर्षभर कुणी का थांबतं, असं वाटेल. कारण नेहमी एकच: बाराव्या-तेराव्यापर्यंत सगळे म्हणतात ‘स्मशानात पावती दिली ना, झालं की’. ती पावती दहनाची असते, नोंदणीची नव्हे. ती जपून ठेवायची, पण तिला दाखला समजायचं नाही.

चूक झालीच तर कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती होते. जुनी नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्तीची नोंद करतात. लिहिणाऱ्याच्या हातची चूक असेल तर निबंधक स्वतः करतात. नावच वेगळं असेल तर अर्ज, पुरावे आणि माहीतगार दोन विश्वासू व्यक्तींचं निवेदन लागतं. मुंबई किंवा सुरतला राहणाऱ्या मुलाला या कामासाठी दोन-तीन रजा टाकाव्या लागतात. शीर्षकातलं ‘महागडं’ हे ते. पहिली प्रत हाती येताच खिडकी सोडण्याआधी वाचा. मग जादा प्रती घ्या, पाच-सहा तरी. विमा कंपनी मूळ प्रत मागते, बँक मूळ पाहून झेरॉक्स ठेवते, पेन्शन कार्यालय, भविष्यनिर्वाह निधी आणि सातबाऱ्याची वारस नोंद एकाच महिन्यात निघतात. प्रत एकच असेल तर ती कुठल्या ना कुठल्या टेबलावर अडकून पडते.

वारसांच्या बाबतीत थोडक्यात. बँकेत नामनिर्देशन असेल तर दाखला आणि ओळखपत्रावर काम होतं. नसेल आणि रक्कम मोठी असेल तर न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र, किंवा १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालचा वारस दाखला. जमिनीची वारस नोंद ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे. मृताच्या एटीएम कार्डाने नंतर पैसे काढू नयेत, घरातल्या घरात असले तरी. मृत्यूनंतर जमा झालेलं पेन्शन परत करावं लागतं आणि काढलेलं असेल तर वसुली येते. आधार बंद करण्याची सोय २०२५ पासून माय-आधार पोर्टलवर आहे, मतदार यादीतून नाव काढायला नमुना ७.

रक्षाविसर्जनाला घमेलं न्या

कोल्हापूरकडे सहसा तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. चौथऱ्याचा क्रमांक अग्नी देतानाच टिपून ठेवा. सगळ्या राखा सारख्याच दिसतात. सकाळी लवकर जा, कारण ती जागा पुढच्या मयतीला लागणार असते. आधी पाणी शिंपडा, वरून विझलेल्या दिसणाऱ्या रक्षेत खाली निखारा असतो आणि अनवाणी पायाला तो लगेच कळतो. शेणीची राख लाकडाच्या राखेपेक्षा कितीतरी जास्त पडते. लाकडाच्या हिशेबाने एक मडकं घेऊन गेलेले लोक तिथे गोंधळतात. दोन घमेली, एक फावडं, एक चाळणी आणि दोन रिकामी पोती न्या. अस्थी वेचून मडक्यात किंवा कापडात, आणि रक्षेचं काय करायचं ते आधी ठरवून जा. जिल्ह्यात आता बरीच कुटुंबं रक्षा नदीत न सोडता शेतात पसरतात किंवा खड्डा करून वर झाड लावतात. नदीच्या दृष्टीने तेच बरं. नुसतं खोडालगत ओतू नका, राखेने माती चुनखडीसारखी होते आणि कोवळं रोप करपतं; मातीत कालवून, पाणी घालून, आठवडाभराने रोप लावा.

ज्यांना या फुकट सेवेची परतफेड करायची असेल त्यांनी शेणी द्याव्यात. होळीला देणारे पुष्कळ असतात. खरी गरज पावसाच्या तोंडाशी असते, मे अखेरीस. देताना हुडव्याच्या, म्हणजे रचून ठेवलेल्या शेणींच्या ढिगाच्या, तळातल्या शेणी देऊ नका, त्यांना जमिनीची ओल लागलेली असते. वरच्या काढा, एक मोडून बघा, काडकन वाजली तर पोतं भरा.